नव्या पाण्यात उतरण्याआधी

(आमच्या गटाच्या वार्षिक शिबिरात रात्रीच्या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी चर्चेतले काही प्रश्न दिले आहेत. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्कूबा डायव्हिंग : पूर्वतयारी’ असं छापलेलं पाहून दुपारी जेवताना दोघीतिघींनी विचारलं, “अगं, हे आपल्या शिबिरात कुठून आलं?” प्रश्न रास्त आहे. कालपासून आपण पोटगीचे अर्ज, रेशनकार्डावरची नावं आणि पोलीस ठाण्यातली तक्रार यांवर बोलतो आहोत. त्यात ही समुद्राखालची चैन कशाला?

कारण साधं आहे. जानेवारीत आपल्यातल्या अकराजणी मालवणला जाणार आहेत. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरातली भांडणं सोडवणाऱ्या या बायकांना एकदा नुसतं मजेसाठी कुठेतरी जावंसं वाटलं. मला त्याचा फार आनंद झाला. पुरुष मजा करतात तेव्हा त्यांना कुणी कारण विचारत नाही. आपण मात्र ‘आरोग्यासाठी’, ‘आत्मविश्वासासाठी’ अशी कारणं आधीच तयार ठेवतो. कारण नसलं तरी चालेल. पण तयारी नसली तर चालणार नाही. मी आज बोलणार आहे ते तयारीबद्दल, आणि तेही नव्या, अनोळखी ठिकाणी उतरण्याच्या तयारीबद्दल.

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला कधी येणार, एवढाच विषय. एम. एस. डब्ल्यू. झाले, कुटुंब सल्ला केंद्रात काम करू लागले आणि तिशी उलटल्यावर पोहायला शिकले. चौतिसाव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून अंदमानला गेले आणि स्वराज द्वीपवर, म्हणजे ज्याला २०१८ पर्यंत आपण हॅवलॉक म्हणायचो तिथे, चार दिवसांचा स्कूबाचा अभ्यासक्रम पुरा केला. अठरा मीटरपर्यंत खाली जाता येईल असं कार्ड हातात आलं. त्या कार्डाचा मला एम. एस. डब्ल्यू.च्या पदवीपेक्षा जास्त अभिमान वाटला, हे कबूल करते.

त्यानंतर जे झालं ते आधी सांगते. बाकीचं सगळं त्यातूनच आलं आहे.

एक मिनिट आणि पाच मिनिटं

सहा महिन्यांनी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मी आणि माझा मावसभाऊ कोकण किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी डाइव्हसाठी गेलो. ठिकाणाचं आणि चालवणाऱ्यांचं नाव घेत नाही, कारण त्यांच्यासारखे अनेक आहेत. भावाकडे माझ्यासारखंच कार्ड, अनुभवही तेवढाच. पण बोटीवरचा गाइड सगळं बोलला ते भावाशी. “सर, मॅडमना जमेल ना?” भाऊ म्हणाला, “जमेल, जमेल.” आणि मी हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

सूचना म्हणजे एकच वाक्य : “माझ्या मागे या.” आम्ही पाचजण, गाइड एक. भरती-ओहोटी कधी, ओढ कुठल्या दिशेला, एकमेकांपासून हरवलो तर काय करायचं, यातलं काही सांगितलं गेलं नाही. मीही विचारलं नाही. अंदमानात वीस-वीस मीटरवरचा मासा दिसायचा, तिथे वेगळं ‘हरवायचं’ कसं? इथे पाणी हिरवं होतं. हात लांब केला की बोटं धूसर दिसत. आठ-नऊ मीटरवर माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते काढायला थांबले. दहा सेकंद गेली असतील. वर पाहिलं तर कुणीच नाही.

शिकताना घोकलेला नियम असा : साथीदार दिसेनासा झाला तर जास्तीत जास्त एक मिनिट शोधायचं, मग सावकाश वर यायचं. तोही तेच करतो आणि दोघं वर भेटतात. मी मात्र पाचएक मिनिटं शोधत राहिले. का? कारण मनात एकच होतं, ‘थांबले मी, म्हणजे चूक माझीच. सगळ्यांचा खोळंबा होईल.’ तेवढ्यात काट्याकडे लक्ष गेलं. हवा चाळीस बार उरली होती. पन्नासच्या खाली जायच्या आत पृष्ठभागावर असायला हवं, ही साधी शिकवण. उतरताना सिलिंडर पूर्ण भरलेला होता का, हे मी पाहिलंच नव्हतं.

वर आले तेव्हा बोट बरीच दूर होती आणि पाणी मला आणखी बाहेर नेत होतं. माझ्याकडे ना शिट्टी, ना फुगवून उभी करायची केशरी नळी. ओरडून आवाज जाईना. परतणाऱ्या एका मच्छीमार होडीतल्या माणसांनी पाहिलं आणि मला वर घेतलं. बोटीवर पोचले तेव्हा कळलं की तोपर्यंत कुणी डोकी मोजलीच नव्हती.

गाइड म्हणाला, “मॅडम घाबरल्या.” घरी आल्यावर भाऊही म्हणाला, “ती घाबरली.” आणि वर्षभर मीसुद्धा लोकांना हेच सांगत होते, की मी घाबरले.

मग एके दिवशी केंद्रात एका बाईची जुनी फाइल वाचत होते. कुणीतरी तीत लिहिलं होतं, ‘अर्जदार भित्र्या स्वभावाची आहे.’ त्या घरात काय चाललं होतं ते त्याच फाइलमध्ये पुढे होतं. तिथे कुणीही घाबरलं असतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी भित्री नव्हते. मला माहिती दिली गेली नव्हती आणि मी ती मागितली नव्हती. पहिली चूक त्यांची, दुसरी माझी. पहिलीबद्दल मी फक्त बोलू शकते. दुसरी मात्र दुरुस्त करू शकते.

पाणी बदललं की काय बदलतं?

ज्यांनी कधी डाइव्ह केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेची टाकी असते आणि तोंडातल्या नळीतून आपण श्वास घेतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असं उपकरण तयार केलं आणि माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला. समुद्रात दर दहा मीटरला हवेइतका आणखी एक दाब वाढतो. दहा मीटरवर तुमच्या छातीतली हवा पृष्ठभागावरच्या मानाने दुप्पट दाबाखाली असते. तिथून श्वास रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम : श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर यायचं ते सावकाश. ‘उथळच तर आहे’ म्हणून हा नियम सुटत नाही. उलट पहिल्या दहा मीटरमध्येच हवेचं आकारमान सर्वांत झपाट्याने बदलतं.

हा नियम जगभर सारखाच. पण बाकीचं बरंचसं प्रत्येक किनाऱ्याला बदलतं. कार्ड एका पाण्यात मिळतं आणि आपल्याला वाटतं ते सगळ्या पाण्यांना चालतं.

पहिलं म्हणजे हंगाम. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा खुला होतो. स्कूबाही पावसाळ्यात बंद. पण समुद्र कॅलेंडर बघून खवळत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धातच वारा बदलू लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. पाण्याखाली काही झालं नव्हतं, किनारा जवळ आला होता. म्हणून हंगामाच्या टोकाला ‘शेवटची संधी’ म्हणून जाऊ नका. तमिळनाडू-पुदुच्चेरीकडे गेलात तर हिशेब उलटा होतो. तिथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. कोकणातला चांगला महिना तिथला चांगला असेलच असं नाही.

दुसरं, वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवतंय? दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून वारा येतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारनंतर लाटा वाढतात. सकाळची फेरी मागा. ‘दुपारी गर्दी कमी असते’ या सबबीला भुलू नका.

तिसरं, भरती-ओहोटी. दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. आपल्या आज्यांना एक हिशेब माहीत होता : तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. हा नुसता अंदाज आहे, गावोगाव मागेपुढे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघायची. पण समोरचा माणूस काय सांगतोय ते पडताळायला एवढं पुरतं. पाणी चढून किंवा उतरून थांबतं त्या सुमाराला ओढ सर्वांत कमी असते. पंचांग फक्त मुहूर्तासाठी नाही, हे लक्षात ठेवा. आणि एका ठिकाणचा चढउतार दुसरीकडे लावू नका. खंबातच्या आखातात तो प्रचंड असतो. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला यावं तसा कमी होत जातो.

चौथं, पाणी किती निवळ आहे. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. नद्यांचा गाळ, वारा, उधाण, सगळ्यांचा परिणाम होतो. कधी बरंच दिसतं, कधी दोन-तीन मीटरच. अंदमानच्या पाण्यात शिकलेल्या बाईने इथे साथीदाराच्या हाताच्या अंतरावर राहायचं. इथे शिकलेल्या बाईने अंदमानात उलट काळजी घ्यायची : पाणी इतकं स्वच्छ असतं की तळ जवळ वाटतो आणि नकळत आपण ठरल्यापेक्षा खोल जातो. तिथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता खोलीच्या काट्यावर ठेवायचा.

पाचवं, वजन. पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला शिसं बांधतात. पुण्यातल्या पोहण्याच्या तलावात शिकलात तर समुद्रात जास्त शिसं लागतं, कारण खारं पाणी जड आणि त्यात शरीर जास्त तरंगतं. पोशाख जाड असला तर आणखी. ‘मागच्या वेळी पाच किलो होतं’ हे उत्तर नव्या ठिकाणी चालत नाही. पाण्यात उतरल्यावर पृष्ठभागावरच एकदा तपासून घ्या. जड झालं तर खाली ओढलं जाता, हलकं झालं तर शेवटी वर यायचा वेग आवरत नाही.

सहावं, खुणा. आपण सगळ्या जणी ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. हवा किती उरली ते दाखवायच्या खुणा तर गाइडगणिक बदलतात. उतरण्याआधी बोटीवर सगळ्या खुणा एकदा करून घ्या.

तोंड उघडून विचारायच्या गोष्टी

आता हे कागदावर लिहून घ्या. नवीन ठिकाणी, पैसे देण्याआधी विचारायचे हे प्रश्न आहेत.

किती खोल जायचं आहे आणि खाली काय आहे : वाळू, खडक, की जुनी जाळी? आज भरती कधी, ओढ कुठल्या बाजूला? आपण ओढीबरोबर जाणार की नांगरापाशी परत येणार? बोट कुठे थांबेल आणि बोटीवर कोण राहील? एका गाइडमागे किती माणसं? हरवलो तर काय करायचं? सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का, आणि ते अंगात घालायला सांगतात की बाकाखाली ठेवतात? बोटीवर प्राणवायूची टाकी आहे का? फोनला रेंज असते का? जवळचं रुग्णालय कुठलं? दाबाचा त्रास झाला तर उपचाराचा कक्ष कुठे आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? पाकट, दगडमासा, जेलीफिश यांपैकी या दिवसांत काय असतं आणि डंख झाला तर बोटीवर काय आहे?

पाकट किंवा दगडमाशाचा काटा लागला तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवणं हा पहिला उपचार, आणि मग डॉक्टर. गरम पाण्याचा थर्मास बोटीवर न्यायला काहीच खर्च नाही.

मग स्वतःच्या हाताने पाहायचं. टाकीचा काटा दोनशेच्या जवळ आहे का? नळीतून चार-पाच श्वास घ्या, काटा हलतोय का बघा. दुसरी, जादा नळी चालते का? जॅकेट फुगतं आणि रिकामं होतं का? वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का? हे गाइडने पाहिलंय म्हणून सोडू नका. घरातलं गॅसचं बटण आपण रात्री स्वतः पाहतोच ना?

हे सगळं विचारलं की समोरचा चिडतो का, तेही पाहायचं. चांगला गाइड अशा बाईवर खूश होतो. जो म्हणतो, “ताई, काही होत नाही, रोज दोनशे लोक जातात,” त्याने तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं.

आपल्या अंगाबद्दल

इथे पुरुष नाहीत, तेव्हा मोकळेपणी बोलते.

बोटीवर संडास नसतो. मग आपण काय करतो? सकाळपासून पाणी पीत नाही. एस. टी.च्या प्रवासात करतो तेच. पण डाइव्हआधी शरीर कोरडं पडणं धोक्याचं. दाबाच्या आजाराची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये ते धरलं जातं, शिवाय डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून जागा ठरवतानाच विचारा : किनाऱ्यावर संडास आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का? फेरी किती वेळाची? हा मागणी करण्याचा विषय आहे, लाजायचा नाही.

नुसता अनुभव म्हणून अर्ध्या तासाचं डाइव्ह करायचं असेल तर शिकवणारा तुम्हाला धरूनच नेतो. ते सुरक्षिततेसाठी असतं. पण कुठे धरणार, कसं धरणार, हे त्याने आधी सांगायला हवं आणि तुम्ही विचारायला हवं. धरायचं ते टाकीला किंवा दंडाला. बाई शिकवणारी आहे का, हेही विचारा. नसली तरी प्रश्न नोंदला जातो. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून वर बोलून घ्यायचं.

आरोग्याचा फॉर्म बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतो आणि ‘इथे सही करा’ म्हणून पुढे सरकवतात. कुठलीही सही वाचल्याशिवाय करायची नाही, हे आपण बायकांना किती वेळा सांगतो? दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळं खरं लिहा. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. नवऱ्याला किंवा सासूला कळेल म्हणून काही लपवायचं असेल, तर फॉर्म स्वतः, बाजूला बसून भरा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा दुखावतो.

आणि घाटाचं. डाइव्हनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. एका डाइव्हनंतर विमानासाठी निदान बारा तास, लागोपाठ डाइव्ह केली असतील तर निदान अठरा तास थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. उंची दोन हजार फुटांच्या वर गेली की तोच धरतात. आंबोली साधारण ६९० मीटरवर, म्हणजे त्याच्याही वर आहे. पाच-सहा मीटरवरच्या छोट्या फेरीत धोका फार थोडा. पण कार्डवाल्यांनी दोन-तीन डाइव्ह करून संध्याकाळच्या गाडीने घाट चढू नये. रात्र मालवणात काढा, मासे खा, सकाळी निघा.

परत फिरण्याचा हक्क

गेल्या डिसेंबरमध्ये मी पुन्हा कोकणात गेले, या वेळी एकटी. आदल्या दिवशी दुपारीच पोचले आणि बंदरावर जाऊन बसले. नव्या ठिकाणी आदल्या दिवशी पोचणं ही मला सर्वांत उपयोगी पडलेली तयारी आहे. होड्या कुठून कशा वळतात, कुठे लाट फुटते, हे तासभर नुसतं बघितलं तरी कळतं. जवळ मासळीचं वाटप चाललं होतं. एका मावशींकडून सौंदाळे घेतले आणि बोलता बोलता म्हटलं, उद्या सकाळी पाण्यात उतरणार आहे. त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “उद्या नको गो बाय, वारो फिरलो हा.”

त्यांनी आयुष्यात कधी स्कूबा केलं नव्हतं. पण घरातल्या माणसांची वाट बघत त्यांनी तो समुद्र चाळीस वर्षं पाहिला होता. कुणी त्यांना कधी ‘स्थानिक तज्ज्ञ’ म्हटलं नसेल. सकाळी गेले. गाइड म्हणाला, “थोडं गढूळ आहे, पण जमेल.” मी माझा कागद काढला, प्रश्न विचारले. ओढ आहे का? आहे. किती दिसतं? फार नाही. बोटीवर प्राणवायू? “ती टाकी भरायला गेलीय.” मी म्हटलं, “मग आज मी येत नाही.”

पैसे निम्मेच परत मिळाले. बोटीवरच्या एकाने “घाबरल्या वाटतं” असं मला ऐकू येईल असं म्हटलं. या वेळी मी हसले नाही. “हो, विचार करून घाबरले,” म्हटलं आणि किनाऱ्यावर चहा घेतला. ती बोट गेली आणि सुखरूप परतही आली. माझा निर्णय बरोबर ठरायला काही अपघात व्हावा लागला नाही, हेही सांगते. परत फिरणं बरोबर होतं की नाही, ते मला त्या क्षणी काय माहीत होतं यावरून ठरतं. दोन दिवसांनी वारा पडला, त्याच गाइडबरोबर मी उतरले. टाकी भरून आली होती. खडकाच्या कपारीत रंगीत माशांचा थवा होता आणि मी चाळीस मिनिटं कुठलीही फाइल आठवली नाही.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. टाकीशिवाय, नुसता श्वास रोखून दहा मीटर खाली जातात आणि शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढतात. काहीजणी ऐंशीच्या घरातल्या. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांच्यात अनुभवाप्रमाणे तीन पायऱ्या असतात आणि सर्वांत वरच्या पायरीच्या बायका इतरांना मार्गदर्शन करतात. समुद्राचं, हवेचं ज्ञान अशा एकमेकींकडून पुढे जातं. तिथे एकटी बाई समुद्र ओळखत नाही. मला ते आपल्या गटासारखं वाटलं.

म्हणून जानेवारीत जाणाऱ्या अकराजणींना माझं सांगणं एवढंच. जोड्या आत्ताच ठरवा. प्रत्येक जोडीने एकमेकींना वचन द्या की दोघींपैकी एक ‘नको’ म्हणाली तर दुसरी कारण विचारणार नाही, तीही थांबेल. आदल्या दिवशी पोचा. बंदरावर बसा. मासळीवाल्या मावशींशी बोला. कागद बरोबर न्या. आणि पाण्यात जाऊन आलात, किंवा न जाता आलात, तरी दोन्हीचा अहवाल मला इथेच ऐकायचा आहे.

चर्चेतले काही प्रश्न

*पोहता येत नाही. मग जमेल का?*

शिकवणाऱ्याने धरून नेलेल्या अनुभवापुरत्या डाइव्हला अनेक ठिकाणी पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. कार्डाच्या अभ्यासक्रमाला पोहता यावंच लागतं. माझं मत विचाराल तर आधी चार महिने पोहायला शिका. पाण्यात तोंड बुडालं की जी घाबरगुंडी होते ती तलावातच संपवावी.

*पाळी असेल तर?*

बरं वाटत असेल तर हरकत नाही. पाळीमुळे शार्क येतात ही भीती निराधार आहे. पोटात फार दुखत असेल किंवा अशक्तपणा असेल तर त्या दिवशी राहू द्या, जसं कुठलंही कष्टाचं काम राहू देऊ.

*आणि दिवस गेले असतील तर?*

उतरायचं नाही. शंका असली तरीही नाही. पोटातल्या बाळावर दाबाचा काय परिणाम होतो याची सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही. यात धाडस दाखवू नका.

*खर्च परवडणाऱ्यांसाठीच आहे ना हे सगळं?*

बऱ्याच अंशी हो, आणि ते मला खटकतं. मी दोन वर्षं साठवून गेले. पण बंदरावर बसून समुद्र ओळखायला पैसे पडत नाहीत. आणि ‘विचारल्याशिवाय सही नाही, पटल्याशिवाय उतरणं नाही’ ही सवय इथे बसलेल्या प्रत्येकीला उद्या सकाळी, समुद्रापासून कितीही दूर असली तरी, लागणारच आहे.